लीकच्या वाफ्यातली लिली

आमच्या घरामागे पूर्वी लूमचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना होता. सासऱ्यांनी उभा केलेला, पत्र्याचा. धंदा बसत गेला तसे लूम एकेक करून भंगारात गेले, शेवटी वरचे पत्रेही गेले आणि मागे उरली भिंतींच्या आतली एक उघडी जागा. भिवंडीच्या कामतघरात एवढी मोकळी जागा कुणाकडे असते? पण आमच्या त्या जागेत गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. वर्षानुवर्षं लूमचं तेल गळून माती काळी आणि चिकट झाली होती. पाणी साचलं की त्यावर रंगीत तवंग यायचा. मी एकदा मिरचीची रोपं लावून पाहिली, ती आठवड्यात माना टाकून बसली.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. बाबा म्हणजे माझे वडील. वज्रेश्वरीकडचे शेतकरी, पण जन्म गेला निजामपुऱ्यात लूम दुरुस्त करण्यात. ती जागा पाहून ते म्हणाले, "जमीन खराब हाय, तर जमिनीच्या वर लावू." कारखान्याच्या जुन्या दारांच्या फळ्या पडून होत्या. त्या ठोकून त्यांनी गुडघाभर उंचीच्या चौकटी केल्या, तळाला तागे गुंडाळायचं जाड प्लास्टिक भोकं पाडून अंथरलं, आणि चुलतभावाच्या शेतातली माती टेम्पोतून आणून त्यात भरली. शेतीखात्याच्या भाषेत याला गादीवाफे म्हणतात. बाबा नुसतं 'पेट्या' म्हणायचे. वाकावं लागत नाही म्हणून त्यांना त्या पेट्या फार आवडत.

लीक, ती कांद्याच्या जातीची विलायती भाजी, आणली माझ्या मुलीने. ती ठाण्याला हॉटेलचा कोर्स करत होती. तिथे शिकवलेलं सूप तिला घरी करून बघायचं होतं आणि आमच्या बाजारात लीक म्हटलं तर भाजीवाला आ करून बघायचा. तिने बियांची पुडी आणली. बाबांनी ते बी आधी एका ट्रेमध्ये टाकलं, थंडी पडल्यावर रोपं पेट्यांत लावली, आणि वाढतील तशी बुडाशी मातीची भर देत गेले. मातीत राहिलेला दांडा पांढरा आणि कोवळा राहतो. आमच्या हवेत तो काही चित्रातल्यासारखा जाड झाला नाही. अंगठ्याएवढा झाला. पण चव छान होती, कांद्याहून सौम्य. गड्डा धरत नाही, नुसता दांडा आणि वर रुंद चपटी पात.

बाबा लीक उपटत नसत. विळ्याने मातीलगत कापत, म्हणजे ते पुन्हा फुटतं. आमच्या घरचा स्वयंपाक बहुतेक तेच करायचे. मी शाळेच्या ऑफिसात कामाला, नवरा नाशिक रस्त्यावरच्या एका गोदामात सुपरवायझर. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की स्वयंपाकघर बाबांचं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तापाच्या त्या मोठ्या साथीत बाबांचा वास गेला होता, आणि त्याबरोबर चवही. सगळ्यांचाच जायचा आणि यायचा, तसा त्यांचाही येईल असं आम्ही धरून चाललो. विचारलं की म्हणायचे, "येतो थोडा थोडा." मीठ-तिखट ते बोटांच्या अंदाजाने घालत आणि ते कधी चुकायचं नाही. त्यामुळे आम्ही विचारणंही सोडून दिलं.

पावसाळा संपताना माझ्या नवऱ्याने गोदामाच्या गेटजवळ उपटून टाकलेले लिलीचे कांदे पिशवीत घालून आणले. पांढऱ्या, कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्यांची लिली असते ना, ती. शेवटच्या पेटीत एक ओळ रिकामी होती, तिथे ते लावले. पुढे त्याच पेटीत लीकही आलं, आणि पात दोन्हींची सारखीच, रुंद आणि चपटी. बाबांनी भर देताना दोन्हींना दिली.

ती घटना घडली रमजानच्या महिन्यात, एका शनिवारी. 

आमच्या भिंतीला लागून भाभींचं घर. कोकणी मुसलमान, आमच्या सासऱ्यांच्या आधीपासून इथले. भाभी माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पण सगळी गल्ली त्यांना भाभीच म्हणते. बाबांनी त्यांना मागच्या आठवड्यात लीकची एक जुडी दिली होती. ती त्यांनी खिम्याच्या समोशांत घातली आणि सगळ्यांना इतकी आवडली की भिंतीवरून निरोप आला, "बाबांना सांग, ती विलायती पात अजून असली तर पाठव."

शनिवारी दुपारी मी शाळेतून घरी आले तेव्हा मोरीतून आवाज येत होता. बाबा भिंतीला हात टेकून ओकत होते. पाठीवर हात ठेवला तर बनियन घामाने चिंब. ते वळले तेव्हा तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती त्यांना पुसता येत नव्हती. बाबा नीटनेटके माणूस. मीच ओढणीने ती पुसली.

"उन्हाचं झालं असेल," मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे.

आतून मुलीचा आवाज आला, "आई, मला पण मळमळतंय." ती पलंगावर पोटाशी पाय घेऊन पडली होती.

"काय खाल्लंत तुम्ही?"

"लीकची भाजी. आजोबांनी पीठ पेरून केली होती. कडू लागत होती गं. मी दोनच घास खाल्ले. आजोबांना म्हटलं कडू आहे, तर म्हणाले, न्हाय गं, चांगली झालीय. त्यांनी सगळी खाल्ली."

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर चिरून उरलेली बुडखी पडलेली होती. पांढरी, लीकचीच दिसत होती. मी एक उचलून नाकाशी नेलं. कांद्याचा वास आला. दुसरं उचललं. त्याला वासच नव्हता. ओल्या गवताचा येतो तेवढाच. आणि बोटांना बुळबुळीत, चिकट काहीतरी लागलं. तिसरं, चौथं तसंच. मी मागच्या दारातून पेट्यांकडे धावले. शेवटच्या पेटीत लिलीची अख्खी ओळ मातीलगत कापलेली होती. साफ, एका रेषेत, बाबांचा हात कसा चालतो तशी.

लिली विषारी असते हे मला कुठून माहीत होतं ते आता आठवत नाही. शाळेत गुरं-ढोरं लिली खात नाहीत असं कुणीतरी म्हणालं असेल. पण त्या क्षणी मला ते अगदी पक्कं माहीत होतं, आणि किती विषारी ते मात्र मुळीच माहीत नव्हतं. मळमळण्याइतकी, की मरण्याइतकी? हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी घरात पळाले. रिक्षा बोलावण्यासाठी मी फोन उघडला तर एकही मिळेना. शेवटी दारात जाऊन ओरडले तेव्हा रिक्षा थांबली. ती बुडखी आणि लिलीचा एक अख्खा कांदा उपटून मी पिशवीत टाकला, एवढं तरी सुचलं.

हॉस्पिटल लहानसं होतं. डॉक्टर तरुण मुलगी, माझ्या मुलीहून थोडी मोठी. तिने पिशवीतला कांदा उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आहे?"

"लिली. बागेतली."

"नक्की लिली?"

"फूल पांढरं येतं. लांब लांब पाकळ्यांचं."

तिने कुणाला तरी फोन लावला, कांद्याचा फोटो पाठवला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलली. तिला ठाऊक नाही हे मला दिसत होतं आणि तिने ते लपवलंही नाही. परत येऊन म्हणाली, "उलट्यांतून बाहेर पडतंय ते चांगलंच आहे. सलाईन लावते. मुलीचं फारसं काही नाही. आजोबांचं वय आहे, त्यांचे ठोके बघावे लागतील. आज रात्री इथेच ठेवू."

"जिवाला धोका..."

"बघू या," ती म्हणाली. त्या 'बघू या'वर मी पुढचे तास काढले.

बाबांच्या छातीला वायरी लावल्या. बाजूच्या यंत्रावर हिरवी रेघ चालायला लागली. मी रेघेकडे बघत होते आणि ती जरा वेगळी उठली की नर्सला हाक मारत होते. नवऱ्याला फोन केला. त्याच्या डब्यात आदल्या दिवशीची उसळ होती, तेवढा जीव भांड्यात पडला. तो निघतो म्हणाला, पण त्या वेळी हायवेवरून भिवंडीत शिरणं म्हणजे काय असतं ते दोघांनाही माहीत होतं.

बराच वेळ गेला. बाबांनी डोळे उघडले आणि काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला.

"भाभीला बी दिली."

"काय दिली?"

"पात. सकाळी. मोठी जुडी."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं. ऊन उतरलं होतं. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर तेवढं राहिलं होतं.

रोजा. भाभींच्या घरात दिवसभर कुणी काही खाल्लं नसणार. म्हणजे अजून कुणाला काही झालं नसेल. पण अजान झाली की सगळे एकदम खाणार.

मी भाभींना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत. त्या वेळी भाभी तळणीसमोर असतात आणि फोन कपाटावर चार्जिंगला, हे मी डोळ्यांपुढे बघत होते आणि काही करू शकत नव्हते. त्यांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे नव्हता. गल्लीतल्या दुसऱ्या एकीला लावला, तिचा बंद.

"आई, तू जा," मुलगी म्हणाली. तिच्या हाताला सलाईन होतं. "मी आहे आजोबांजवळ. मी बरी आहे आता. जा ना!"

हिरवी रेघ चालत होती. बाबांचा हात मी धरला होता, तो मला सोडावा लागणार होता. आपण बाहेर गेलो आणि मागे काही झालं तर? मुलगी एकटी असताना झालं तर? असं वाटलं की मी इथे उभी आहे तोवरच ती रेघ चालणार आहे. तरी मी हात सोडला आणि जिना उतरले. ते कसं केलं हे मला अजून सांगता येत नाही.

रिक्षा मिळाली. थोडं अंतर गेली आणि थांबली. पुढे टेम्पो, टेम्पोच्या पुढे कंटेनर, मध्ये फळांच्या गाड्या. कलिंगडं, पपया, खजुराचे ढीग, आणि जो तो घरी पोचायच्या घाईत.

"भैया, जल्दी करो ना."

"मॅडम, रोजा खुलने का टाइम है. अभी कुछ नहीं हिलेगा."

मी उतरले आणि पळायला लागले. मी कधीच पळत नाही. पंजाबी ड्रेस, पायात साधी चप्पल, वयाचं शरीर. एक चप्पल गटाराच्या कडेला अडकून तुटली, दुसरी मीच फेकली. लोक वळून बघत होते. कुणीतरी विचारलं, "क्या हुआ बहन?" मला उत्तर द्यायला श्वास नव्हता.

कामतघरच्या वळणावर होते तेव्हा लांबच्या कुठल्या तरी मशिदीतून अजान सुरू झाली. आमच्याकडे सगळ्या अजान एकाच वेळी होत नाहीत. एक सुरू होते, मग दुसरी तिला येऊन मिळते. आमच्या गल्लीतली जरा मागाहून होते. लहानपणी निजामपुऱ्यातही मी हेच ऐकत आले, त्या दिवशी मात्र मी देवाला एवढंच म्हणत होते, आमची अजून होऊ देऊ नको.

मी गल्लीत शिरले आणि आमची सुरू झाली.

भाभींचं दार उघडंच होतं. आत जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली, त्यावर ताटं, सरबताचे ग्लास. भाभी आणि त्यांची सून समोरासमोर बसलेल्या. सुनेच्या हातात खजूर होता. दुसऱ्या हाताने ती समोसा ओढून घेत होती.

"खाऊ नका!" मी ओरडले. "ती पात खाऊ नका!"

सुनेच्या हातातून समोसा खाली पडला. भाभी उठल्या. माझे अनवाणी पाय, विस्कटलेले केस बघून त्यांना दुसरंच वाटलं.

"काय झाला गं? बाबा गेले?"

"नाही. भाभी, सकाळची पात लीकची नव्हती. लिली होती त्यात. विषारी आहे. बाबांना ॲडमिट केलंय. मुलीलाही. तुम्ही खाल्लं नाही ना?"

"नाय. आत्ता तर बसलो." त्या समोशांच्या ताटाकडे बघत राहिल्या. "तळताना वाटला मला, मागच्या टाइमासारखा वास येत नाय. पण रोजात चाखणार कसा?"

मला रडूच फुटलं. सुटलो, असं वाटलं. पण भाभींच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसेना. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली.

"एक थाळा मशिदीत गेलाय," त्या म्हणाल्या.

मुलाचा फोन त्यांनी लावून बघितला. त्याने तो घरीच ठेवला होता, दुसऱ्या खोलीत वाजला. मग आम्ही दोघी पळालो. भाभींचे गुडघे दुखतात, त्या जिना चढताना दोनदा थांबतात. त्या दिवशी त्या माझ्या पुढे होत्या.

मशीद गल्लीच्या टोकाला आहे. मी रोज तिच्यावरून शाळेत जाते, पण रोजा सुटायच्या वेळी तिच्या फाटकाशी कधी थांबले नव्हते. आतल्या अंगणात माणसं रांगांनी बसलेली होती, पुढ्यात ताटं. लूमवरचे कामगार, गल्लीतले म्हातारे, मुलं. सगळे खात होते.

आतापर्यंतची भीती एका जातीची होती. आता दुसरी आली. मी फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात ते सगळं आलं जे भिवंडीत वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या घरची पात, कुणाच्या ताटात, कुठल्या जागी, कुठल्या महिन्यात. कुणी मुद्दाम म्हणालं तर? नुसतं कुणी व्हिडिओ काढला तर? माझे बाबा तिकडे वायरी लावून पडलेत, आणि त्यांचं नाव इथून सुटून कुठेकुठे जाईल, हे मला दिसायला लागलं. घशातून आवाज फुटेना.

भाभींना फुटला. बाईमाणसाने मशिदीच्या दारात आवाज चढवावा अशी रीत नाही. त्या फाटकाच्या आत एक पाऊल टाकून मोठ्याने म्हणाल्या, "समोसे को कोई हाथ मत लगाओ! मेरे घर के समोसे हैं, मेरे हाथ से उसमें गलत पत्ती पड़ गई है. जिसने खाया है वो बोलो!"

सगळे थांबले. एवढ्या माणसांचं चघळणं एकदम थांबलं की कसं वाटतं ते मी तेव्हा ऐकलं. भाभींचा मुलगा रांगेतून उठून धावत आला, मग आत गेला, ताटा-ताटातून समोसे उचलायला लागला. आणखी दोघे-तिघे उठले. कुणी ओरडलं नाही. "कितने थे?" "इधर का सब उठाओ." एवढंच.

बहुतेकांचे समोसे तसेच होते. खजूर, फळं, भजी आधी खाल्ली जातात. एकाने चावा घेऊन कडू म्हणून ताटात ठेवला होता. आणि कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यांचं ताट रिकामं होतं.

"चाचा, आपने खाया?"

त्यांनी मान हलवली. हो.

ते चाचा बाबांच्याच वयाचे असतील. अंगाने त्यांच्याहून बारीक. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं, काडीसारखं होतं, आणि मला वाटलं, हा माणूस वाचायचा नाही.

भाभींच्या मुलाने त्यांना स्कूटरवर मध्ये बसवलं, मागे दुसरा एक बसला, आणि ते निघाले. आम्ही दोघी मागून चालत. रस्ता तोवर ओस पडला होता, सगळे घरात जेवायला. मी भाभींना म्हटलं, "तुम्ही तुमच्यावर का घेतलंत?"

त्या दम खात होत्या. "काय घेतला?"

"माझ्या हातून पडली म्हणालात."

"पडलीच ना माझ्या हातून. खिम्यात कोणी टाकली?" त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर परत म्हणाल्या, "त्या घडीला जा तोंडात आला ता बोलले. आता नको विचारू." त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कोपऱ्यावरच्या पाणपोईवर मी त्यांना ग्लास भरून दिला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा नवरा आलेला होता. बाबांची रेघ चालू होती. चाचांना पलीकडच्या खाटेवर ठेवलं होतं आणि ते ओकत होते. त्यांचा कुणी नातेवाईक इथे नव्हता, उत्तरेकडचे, लूमवर आलेले आणि इथेच राहून गेलेले. मशिदीतले चार-पाच जण बाहेर बाकावर बसले. त्यांच्यातला एक तरुण फोनवर कुणाशी तरी बोलत होता. तो काय बोलतोय ते ऐकायला मी दोनदा उगीच दारापर्यंत गेले. तो बायकोला उशीर होईल म्हणून सांगत होता.

मी दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसले. इकडे बाबा, तिकडे चाचा. एकाचा श्वास मोठा झाला की तिकडे बघायचं, दुसरा कण्हला की इकडे. चाचांना काही झालं तर ते कुणाच्या माथी येईल? भाभींच्या? की खरं सांगावं लागेल, आणि मग बाबांच्या? मी त्यांच्या जिवासाठी प्रार्थना करत होते, आणि त्या प्रार्थनेत आपल्या माणसांचा हिशोब किती मिसळलाय हे मला जाणवत होतं. त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती.

सकाळ झाली. डॉक्टर आली, दोघांना तपासलं, आणि पहिल्यांदा 'बघू या' म्हणाली नाही. "ठीक आहेत दोघं. दुपारी घरी न्या," म्हणाली. मुलीला तर आदल्या संध्याकाळीच सोडलं होतं.

मी खाली जाऊन चहा घेऊन आले, तर बाबा उशीला टेकून बसले होते आणि पलीकडे चाचाही. दोघं बोलत होते. कुठल्या कारखान्यात होता, कुठला मालक, कुठल्या बनावटीचे लूम. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात दोघंही होते, पण वेगवेगळ्या काळात. मी दारातच थांबले.

मग बाबा म्हणाले, "चाचा, एक बोलता हूं. वो भाभी की गलती नहीं थी. पत्ती मैंने काटी. मेरेको बास नहीं आता. किसीको बताया नहीं था."

काय गरज होती? सगळं निभावलं होतं. मला आत धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

चाचांनी अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, "कड़वा तो बहुत था."

"फिर खाया क्यों?"

"रोज़ा उसी से खोला था. थूकता कैसे?"

एवढंच. बाबांनी डोळे पुसले. चाचांनी चहा मागितला.

पुढे कितीतरी दिवस मी घाबरलेली होते. गल्लीत दोन माणसं बोलत उभी दिसली की वाटायचं, आमच्याबद्दलच. शाळेत फोन वाजला की वाटायचं, झालं. चाचांनी ते कुणाला सांगितलं की नाही मला माहीत नाही. सांगितलंही असेल. पण कुणी काही विचारायला आलं नाही. ईदला भाभींकडून शीरखुर्मा आला, दरवर्षीसारखा, आणि बरोबर भाभी स्वतः आल्या. बाबा आत जाऊन बसले, त्यांच्यासमोर यायला तयार होईनात. भाभींनी आतल्या खोलीपर्यंत जाऊन त्यांच्या हातात वाटी दिली आणि म्हणाल्या, "बाबा, पात लावायचा बंद नाय करायचा. फक्त ती फुलं काढा."

लिली मी त्या दुसऱ्याच दिवशी काढली होती. एकेक कांदा, मुळाच्या धाग्यासकट. ती पेटी अख्खी रिकामी करून मातीही फेकली. लीकचं बाकी पीक उन्हाळा लागेपर्यंत टिकलं, पण ते कापायला कुणी गेलं नाही. त्याला देठ निघाले, वर जांभळट पांढरे गोंडे आले, मधमाश्या यायला लागल्या.

बाबांनी पुढे महिनाभर स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. नाकाच्या डॉक्टरकडे नेलं, त्याने आशा दिली नाही. मग एक दिवस मी कामावरून आले तर भात आणि वांग्याची भाजी तयार होती. मी ताटं घेतली. आता ते रोज करतात.

मध्ये मला बरं नव्हतं म्हणून घरी होते, तेव्हा दिसलं. भाजी झाल्यावर त्यांनी ओट्याशी उभं राहूनच एका लहान वाटीत थोडी काढून घेतली आणि खाल्ली. मग गॅस बंद करून खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. काही करत नव्हते, नुसते बसून होते. मुलीने भूक लागली म्हणून हाक मारली, तर म्हणाले, "थांब जरा, गरम हाय." भाजी तोवर केव्हाच निवली होती. बऱ्याच वेळाने ते उठले, आणि मग त्यांनी आम्हाला जेवायला हाक मारली.